डिस्टिल्ड पाण्याचे दोन कॅन

भुजंग सोनकांबळे कोण, असं तुम्ही विचाराल. विचारणारच. त्याचं नाव कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या पाटीवर नाही, आमच्या केंद्राच्या जुन्या हजेरीपटातसुद्धा शोधावं लागेल. पण मला त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. वय झालंय, बायको म्हणते किती वेळा तेच तेच उगाळता. उगाळतो. माझं मी बघीन.

मी शेषेराव. लातूरजवळच्या एका शेती संशोधन केंद्रात भांडारपाल होतो. खुरप्यापासून कागदापर्यंत सगळं माझ्या कुलपात. भुजंग आमच्याकडे रोजंदारीवर आला तेव्हा पंचवीसेक वर्षांचा असेल. बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यातला, बौद्धवाड्यातला, सातवी पास. करडईच्या प्लॉटात खुरपणीला होता. बायको नागुबाई पण तिथंच कामाला. केंद्राच्या मागे मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यातल्या शेवटच्या खोलीत राहायची दोघं.

मग रुद्राणी बिडवे मॅडम आल्या. निलंग्याकडच्या. नुकत्याच डॉक्टर झालेल्या, म्हणजे सुईवाल्या नव्हे, रोगशास्त्रातल्या. करडईवर करपा पडतो ना, पानांवर तपकिरी ठिपके येतात आणि बघता बघता रान भाजल्यासारखं होतं, त्याचा हिशेब त्या मांडत होत्या. करपा म्हणजे बुरशी. तिचे कण पानावर बसतात. हवेत ओल पुरेशी, ऊब बेताची आणि अशा सकाळी लागोपाठ आल्या, की ती रुजते. मॅडमचं म्हणणं, हे किती ओल, किती सकाळी, हे एकदा कळलं तर रोग यायच्या आठ दिवस आधी शेतकऱ्याला सांगता येईल की बाबा फवार, नाहीतर फवारू नको. आम्हाला तेव्हा हे ऐकून हसू यायचं. आभाळाचं गणित म्हणे!

या गणिताला रोजच्या नोंदी लागत. शेतात पांढऱ्या फळ्यांची झडपांची पेटी होती, तिच्यात दोन थर्मामीटर. एक कोरडा, एक ओला. ओल्याच्या फुग्याला मलमलीची वात गुंडाळलेली आणि तिचं टोक पाण्याच्या बाटलीत. दोघांच्या आकड्यांत जितकं अंतर कमी, तितकी हवेत ओल जास्त. सकाळी सातला आणि दुपारी दोनला वाचायचं. मॅडमनी चार-पाच जणांना वाचायला लावून बघितलं. सगळ्यांनी आपले सोळा, सतरा असे गोल आकडे सांगितले. भुजंग म्हणाला, "मॅडम, सोळा आन चार रेघा. पर थांबा जरा, माझा श्वास काचंवर पडला." त्या दिवशीच त्याच्या हातातलं खुरपं सुटलं. तेव्हापासून तो श्वास धरूनच वाचायचा. आम्ही चेष्टा करायचो, "भुजंग, एक दिवस गुदमरून मरशील रे त्या पेटीपुढं." तो हसायचा, पण वाचताना नाही.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, कायम व्हायचं होतं. मॅडमनी शब्द दिला होता की पहिली रोग-सूचना ज्या दिवशी निघेल, त्याच दिवशी तुमचा कायमचा प्रस्ताव वर जाईल. कारण हे सगळं तुमच्या डोळ्यांवर उभं आहे, भुजंगराव. हो, भुजंगराव म्हणायच्या त्या. आख्ख्या केंद्रात त्या एकट्याच.

पण ते दिवस कसले होते! ब्याऐंशीत लातूर जिल्हा वेगळा झाला. मिरवणुका निघाल्या, गुलाल उधळला, मीही उधळला. आणि मग मालाची मागणी पाठवली की जुन्या जिल्ह्याचे म्हणायचे तुम्ही आता आमचे नाहीत, आणि इकडचे म्हणायचे आमचं भांडारच अजून उघडलं नाही. दोन वर्षं हीच गत. त्यात पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही गेला. आमची विहीर आटली. बोअर घेतलं तर पाणी असं मचूळ की चहा फाटायचा. टँकर गावांना यायचा, आम्ही ना गावात ना शहरात.

नागुबाईला तेव्हा लेक झाली होती. आम्रपाली नाव ठेवलं. दहा महिन्यांची असेल, बोअरच्या पाण्यानं तिला हगवण लागली ती थांबेना. दवाखान्यात म्हणाले, चांगलं पाणी उकळून द्या. चांगलं पाणी आणायचं कुठून? उकळलेलं बोअरचं पाणी पोर थुंकून टाकायची. डोळे खोल गेले, रडायचा आवाजसुद्धा बारीक झाला. पत्र्याच्या खोलीतून तो आवाज माझ्या भांडारापर्यंत यायचा. नको नको व्हायचं.

माझ्याकडे डिस्टिल्ड पाण्याचे दोन कॅन उरले होते. त्या ओल्या थर्मामीटरच्या बाटलीसाठीचे. ते पाणी मी दिलं. मी. माझ्या हातानं कुलूप काढलं, भुजंगला हाक मारली आणि म्हणालो, "हे ने घरी. पोरीला पाज."

तो कॅनकडे बघत राहिला. "साहेब, मग वातीला काय घालू?"

"बोअरचं घाल की. पाणी ते पाणी. थर्मामीटरला काय चव कळती?"

असं बोललो मी. विनोद केला. त्यानं पुन्हा विचारलं, "चालंल का पर?" मी म्हणालो, "चालतंय रे, ने आता. आणि कुणाला बोलू नको, माझी नोकरी खाशील." भुजंगला पेटीतलं सगळं कळायचं, एवढं एक त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मला तर काहीच कळत नव्हतं, तरी मी साहेब.

पोर वाचली. पाण्यानं वाचली की तिचं आयुष्य होतं म्हणून, देव जाणे. महिन्याभरात खोलीबाहेर रांगायला लागली. मला मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं. मिरवलं पण मनातल्या मनात.

पेटीतली वात मात्र त्या दिवसापासून बोअरचं पाणी प्यायला लागली. भुजंग दर सोमवारी ती धुवायचा. नवी मलमल मागितली, मी म्हणालो नाही आली. धुतली तरी हळूहळू तिच्यावर क्षारांची पांढरी पापडी धरली, ती कडक झाली. तो रोज श्वास धरून वाचत राहिला, आकडे लिहीत राहिला. तीन हंगाम. मॅडम त्या आकड्यांवरून गणित मांडत राहिल्या.

पुढं पाऊस जरा बरा झाला, नवं भांडार सुरू झालं आणि एकदम सगळा माल आला. डिस्टिल्ड पाणी आलं, मलमल आली. भुजंगनं नवी वात बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओला थर्मामीटर दोन-अडीच अंशांनी खाली. त्याला वाटलं आपलंच चुकलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्या दिवशी तेच. मग त्यानं काय करावं? कोपऱ्यात एक मोडकी पेटी पडली होती, ती दुरुस्त केली, माझ्याकडून जुना थर्मामीटर मागून नेला, त्याला जुनी कडक वात आणि बोअरचं पाणी लावलं. दोन्ही पेट्या शेजारी शेजारी. नऊ दिवस दोन्हीकडचं वाचलं. सातवी पास माणूस हो! मला विचाराल तर आमच्या केंद्रात त्या वर्षी झालेलं खरं संशोधन तेवढंच.

नवव्या दिवशी तो माझ्याकडे कागद घेऊन आला. "साहेब, घात झाला. वात कडक झाली की तिच्यातलं पाणी नीट उडत न्हाई, मग फुगा थंड होत न्हाई. आपले तीन वरसांचे आकडे ओल जास्त दाखवून राहिलेत. करपा कमी ओलीतच येतोय आन गणित म्हणतंय लई ओल लागती."

"मग?"

"मग औंदा करपा येईल आन मॅडमचं गणित म्हणंल, येत न्हाई."

सूचना निघायला आठ दिवस राहिले होते. नव्या जिल्ह्याची पहिली रोग-सूचना म्हणून पत्रकं छापून आली होती, कार्यक्रम ठरला होता. मी त्याला खाली बसवलं आणि चांगला झापला. म्हणालो, "डोकं फिरलंय का तुझं? आठ दिवसांत तुझा कागद वर जातोय. गप बस. औंदा थोडं चुकलं तर चुकलं, पुढच्या साली मॅडम दुरुस्त करतील."

"लोक फवारणार न्हाईत साहेब. आपलं ऐकून."

"तुझ्या बापाचं रान आहे का ते?"

तो उठून गेला. त्याच्या बापाला रान नव्हतंच, हे मला माहीत होतं. तरी बोललो. या जिभेला काय करावं!

दुसऱ्या दिवशी त्यानं मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. केंद्राचे प्रमुख साहेब तिथंच बसले होते. मलाही कशाला तरी बोलावलं होतं, मी दाराशी उभा. मॅडमनी ते नऊ दिवसांचे आकडे दोनदा वाचले. त्यांचा चेहरा असा उतरला की मला त्यांच्याकडे बघवेना. हळू आवाजात म्हणाल्या, "भुजंगराव, रोज किती फरक पडला असेल, सांगता येईल? तेवढा वजा केला तर?"

"न्हाई मॅडम. वात एका दिसात कडक झाली न्हाई. कुठल्या दिशी किती, ते आता कुणालाच सांगता येत न्हाई."

म्हणजे तीन वर्षं मातीत.

साहेबांनी विचारलं, "डिस्टिल्ड पाणी होतं ना? कुठं गेलं?"

"घरी नेलं साहेब. पोरगी आजारी होती, तिला पाजलं."

"कुणी दिलं?"

मी दाराशी होतो. चार हातांवर. भुजंगनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "मीच घेतलं."

एक शब्द पुरे होता. 'मी दिलं.' एवढाच. माझी नोकरी कायम होती, फार तर बदली झाली असती, बढती अडकली असती. त्याचं तर सगळंच जाणार होतं. मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. भ्यालो, दुसरं काय! लाज वाटते मला, आजही वाटते.

साहेब ओरडले, चोरी केलीस, शास्त्राशी खेळ केलास, लाज कशी वाटली नाही. भुजंग सगळं ऐकून घेऊन मॅडमकडे वळला. "मॅडम, तुमचं लई नुस्कान केलं मी. पर खोटं कशाला बोलू, पोरीची तशी वेळ पुन्हा आली तर पुन्हा पाणी नेईन. फकस्त तुमाला सांगून नेईन."

मॅडम रडल्या. मग डोळे पुसून साहेबांना म्हणाल्या की सूचना थांबवा. साहेब थांबवतील कशाला? पत्रकं छापलेली, पाहुणे ठरलेले. म्हणाले, नोंदी घेणारा चुकार होता, त्याला काढलं, विषय संपला. मॅडमनी आपलं नाव काढून घ्यायला लावलं. ते काढलं आणि त्यांची बदलीही केली. भुजंगला दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतलं नाही. तो आणि नागुबाई गाठोडी बांधून बिलोलीकडे गेली. जाताना तो मला भेटायला आला होता. मी चहाला गेलोय म्हणून सांगायला लावलं.

सूचना निघाली. रेडिओवर सांगितलं, पत्रकं वाटली, की औंदा करप्याचं भय नाही, फवारणीचा खर्च करू नका. मग आभाळ आलं, दव पडलं आणि पंधरा दिवसांत करडई तपकिरी झाली. आमच्या प्लॉटातली, शेजारच्या गावांतली, सगळी. लोक केंद्राच्या फाटकाशी हातात वाळलेली झाडं घेऊन आले. कुणी शिव्या दिल्या नाहीत. नुसते विचारत होते, तुम्ही तर म्हणला होतात. साहेब त्या दिवशी रजेवर होते. फाटकाशी मी होतो. मी म्हणालो, नोंदी घेणारा चुकार निघाला. होय, मी हेच म्हणालो.

पुढं मला बढती मिळाली. पोरांची लग्नं झाली. रिटायर झालो. आणि मग हे सगळं छातीवर यायला लागलं. दोन हजार चार साली एक दिवस उठलो आणि नांदेडची बस धरली, तिथून बिलोली, तिथून जीपनं त्याच्या गावाला. वाटेत एका म्हाताऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "भुजंग व्हय? त्या साली गावात सांगत फिरला, रेडिओचं ऐकू नका, फवारा म्हणून. चोरीपायी काढलेल्याचं कोण ऐकतंय? आमचीबी करडई गेली की."

भुजंग दोन वर्षांपूर्वीच वारला होता. नागुबाई ओसरीवर तूर निवडत बसली होती. मी नाव सांगितल्यावर तिनं मला ओळखलं, पाणी दिलं, लेकीचं सांगितलं. आम्रपाली नांदेडला नर्सिंग शिकत होती. मग मी बोललो. एकदाही न थांबता सगळं सांगितलं, की कॅन मी दिले होते, कुलूप मी काढलं होतं, बोअरचं पाणी घाल असं मीच म्हणालो होतो आणि त्या दिवशी दाराशी उभा राहून मी गप्प बसलो.

नागुबाईचा सुपातला हात थांबला. मला वाटलं शिव्या देईल, आणि मला त्या हव्याच होत्या.

"तवा हे म्हणले होते, पाणी सरकारनं दिलंय," ती म्हणाली. "मग कामावरनं काढल्यावर मी खोदून खोदून इचारलं, कुणी दिलं? म्हणले, मीच काढलं. भांडार फोडून? म्हणले, हाव. तुमचं नाव कधी घेतलं न्हाई. मला ठाव असतं तर मी तुमच्या दारात येऊन बोंब मारली असती, म्हणून न्हाई सांगितलं आसंल."

"वहिनी, माझं चुकलं."

"पंधरा वरसं मी त्यांना चोर म्हणले, भाऊ. भांडण झालं की पयलं तेच तोंडात यायचं. भरलं ताट सरकवून उठून जायचे, पर बोलायचे न्हाईत. मेले तवा बी माझ्या मनात तेच होतं. लेकीला बी मीच सांगत आले, तुझ्या बापानं चोरी केली म्हणून आपले हे हाल झाले."

ती उठली, सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी आज आलात. शनवारी आम्रपाली येणार हाय. तिला आता मी काय सांगू?"

शेवटची जीप निघायची होती, म्हणून मी उठलो.