मुद्देमालातल्या जिवंत पेशी

नवघरच्या त्या फ्लॅटची भानगड आठवली की निवृत्तीनंतर आजही माझं डोकं चक्रावतं.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. मी तिथे पोलीस निरीक्षक होतो. खबऱ्याने सांगितलं, "साहेब, एका बिल्डिंगमध्ये पाठीला बाक असलेली पोरं येतायत. बोर्डबिर्ड काही नाही. डॉक्टर सुया मारतोय." चौकशीत कळलं, जन्मापासून मणका वाकडा असलेल्या मुलांना तो 'स्टेम सेल'ची, म्हणजे जिवंत मूळ पेशींची, इंजेक्शनं द्यायचा. त्या पेशींनी मणका सरळ होतो म्हणे. हा शब्दच मी पहिल्यांदा ऐकत होतो. त्याच्याकडे पदवी नव्हती, तेवढ्यावर त्याला उचलला. फ्रिजमधल्या कुप्या पंचांसमक्ष जप्त केल्या आणि शिरस्त्याप्रमाणे कापडात बांधून, लाख वितळवून सील केल्या.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात त्या पोरांचे आईबाप जमले. मला वाटलं, तक्रार द्यायला आले. ते माझ्याशीच भांडायला आले होते! रत्नागिरीकडची एक बाई मुलीला कडेवर घेऊन म्हणाली, "साहेब, हिचं इंजेक्शन उद्या आहे. आमची बाटली तेवढी सोडा." मुद्देमाल कोर्टाच्या हुकुमाशिवाय देता येत नाही, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यात कोठडीतून तो डॉक्टर म्हणाला, "लाखेच्या उष्णतेने पेशी मेल्या. आता लॅबला काय सापडणार? पोरांचा इलाज तुम्हीच बुडवलात."

खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. आम्ही आजवर तलवारी, दारू, दागिने सील केलेले. जिवंत वस्तू सील कशी करतात, कुणाला ठाऊक? आमचे हवालदार तर मुद्देमालाच्या कपाटाजवळून दबक्या पावलांनी जाऊ लागले.

चौकशीत तो बधेना. शेवटी मी कपाळाला हात लावून म्हणालो, "घोळ झालाय. एका बापाने कुपी पळवली आणि दुसरीकडे पोराला टोचवली. तुझ्या त्या मेलेल्या पेशी मणक्यात गेल्या. पोर अत्यवस्थ आहे. आता मोठं कलम लागणार तुला." सगळी थाप होती. त्याचा चेहरा उतरला.

"अहो साहेब, त्याने कसं काय होणार? नुसतं सलाईन आहे ते! पेशीबिशी काही नाहीयेत."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण प्रयोगशाळेनेही तेच कळवलं. पेशी मेल्या असत्या तर अवशेष दिसले असते, तेही नव्हते.

त्या बाईला मी स्वतः सांगितलं. वाटलं, रडेल, त्याला शिव्या घालेल. ती एवढंच म्हणाली,

"म्हणजे हा खोटा होता."

"हो, ताई."

"मग खऱ्या पेशी कुठे देतात, साहेब?"

मी मुंबईतल्या हाडांच्या डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. त्यावर अजून संशोधनच चाललंय, ऑपरेशन करता येईल, पण ते जोखमीचं, असं ते म्हणाले होते. तेच मी तिला सांगितलं. ती मुलीला उचलून निघून गेली, ऑपरेशन केलं की नाही, कळलं नाही.

फसलेला माणूस आपणहून तक्रार करतो, हा माझा समज या प्रकरणाने मोडला. आशा असेल तोवर माणूस फसवणाऱ्यालाच वाचवायला धावतो. तपासाबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. पण त्या बाईला मी वाचवलं की तिच्याकडे होतं तेही काढून घेतलं, हे मला अजून उमगलेलं नाही.