छबुबाईचं दूध उतू जाईपर्यंत

माझ्या बायकोला, छबुबाईला, देवानं घाई दिलीच न्हाई. वडवणीच्या बाजारातून मेथीची जुडी आणायला पाठवा, दुपार उलटती तरी बाई तिकडंच. जी भेटल तिच्यापाशी थांबायचं, तिनं बोलावलं की तिच्या घरी, तिथून तिच्या नणंदेकडं. कुणाचं बाळंतपण असो की मयत, ही सगळ्यांच्या आधी हजर अन् सगळ्यांच्या शेवटी माघारी. गावाला ती लई गोड. घरात आमचा जीव जातो त्याचं कुणाला काय?

पोरगी सायली अकरावीला हाय. विज्ञानाच्या भाषणात तालुक्यात पहिली आली. आता बीडला जिल्ह्याची फेरी होती. तिथं निवड झाली की शिबिराला जायचं अन् मोठ्या दुर्बिणीतून सूर्य बघायचा. पोरीनं दुसरं काही डोक्यात येऊच दिलं न्हाई. भाषण सूर्यावर, अन् फेरी नेमकी रथसप्तमीला, म्हणजे सूर्याच्याच सणाला.

ऐकून ऐकून ते भाषण मलाबी पाठ झालंय. सूर्याच्या पोटात हायड्रोजन एवढा दाबला जातो की त्याचा हेलियम होतो, अन् त्यातून ऊर्जा निघती. पण ती सरळ बाहेर येत न्हाई. आत दाटीच तेवढी. प्रकाश जरा निघाला की कशाला तरी धडकतो, भलतीकडंच फेकला जातो, पुन्हा धडकतो. कधी मागं, कधी आडवा. असं भटकत वर यायला हजारो वर्षं लागतेत, कुणी म्हणतं लाखाच्या वर. मी म्हणलं, "सायले, ही तर तुझी आई बाजाराला गेली."

"पप्पा, मधी बोलू नका," पोरगी म्हणली. हसली न्हाई.

तर रथसप्तमीची सकाळ. आमच्यात या दिवशी अंगणात सूर्यासमोर दूध उतू घालतेत. ते उतू गेल्याशिवाय कुणी गावाबाहेर जायचं न्हाई, असा छबुबाईचा कायदा. तुळशीपुढं गोवऱ्या रचल्या, वर मातीचं बोळकं, बोळक्यात दूध. गोवऱ्या दवानं ओल्या, नुसता धूर. तेवढ्यात शेजारची सून संस्कृती संक्रांतीचं राहिलेलं वाण घेऊन आली. मागून तिची सासू. छबुबाई आपली एकेकीला हळदी-कुंकू लावीत बसली.

सायली ड्रेस घालून गोवऱ्यांपाशी पुटपुटत होती. "बाहेरच्या थरात प्रकाशाला फार अडवलं जातं. मग तापलेला वायूच ऊर्जा घेऊन वर येतो, वर आला की थंड होतो, पुन्हा खाली जातो. उकळत्या दुधासारखं. हा टप्पा काही आठवड्यांत पार होतो. अन् पृष्ठभागावरून निघालेला प्रकाश आठ मिनिटांत आपल्या अंगणात."

"अन् ह्या दुधाला उकळी कधी?" मी म्हणलं. माझं टाळकं सटकलं होतं. छबुबाईची पाठ फिरली तशी फडक्यात बोळकं उचललं, स्वयंपाकघरात नेऊन गॅसवर ठेवलं अन् गॅस मोठा केला. दूध वर आलं का बघायला वाकतो, तर फट्. बोळक्याचे दोन तुकडे अन् सगळं दूध शेगडीत.

छबुबाई दारात येऊन बघत राहिली. म्हणली, "मातीचं बोळकं गॅसवर ठेवतेत का? आता दुसरं आणावं लागंल."

"ऱ्हाऊ दे की बाई, उशीर होतोय," मी म्हणलं.

"पोरीच्याच कामाचा दिवस हाय आवो, आज अपशकून नको." एवढं बोलून ती बोळकं मागायला गेली. अन् गेली ती गेलीच. धरावं का मारावं, काय करावं माणसानं? सायली पायरीवर घड्याळ बघत बसली होती. तिनं पुटपुटणंबी थांबवलं.

शेवटी ती बोळकं घेऊन आली अन् एकदाचं दूध उतू गेलं. एका मोटारसायकलवर तिघं, मी गाडी मरणाची पळवली. बीडला कॉलेजच्या दारात स्पर्धेच्या मॅडम म्हणल्या, "सायलीचं नाव दोनदा पुकारलं. आता नाही घेता येणार, नियम सगळ्यांना सारखा आहे." मी भांडलो, हात जोडले. काही उपयोग झाला न्हाई. आत दुसरं कुणीतरी भाषण करत होतं, त्याला टाळ्या पडल्या. सायली त्या संपेपर्यंत दाराशी उभी राहिली.

बाहेर पायऱ्यांवर छबुबाईनं पोरीचा हात धरला. "चुकलं माझं. तू मला सांग भाषण, मी समदं ऐकते."

"आता नको, आई." सायलीनं हात सोडवून घेतला. "पुढच्या वर्षी मी आदल्या दिवशीच बीडला येऊन राहणार. मैत्रिणीच्या घरी. तुम्ही दोघंही येऊ नका."

हे ती रागानं म्हणली असती तर मी ऐकून सोडून दिलं असतं. ती शांतपणे म्हणली. छबुबाईला बोल लावायला मी तोंड उघडलं होतं, पण पोरगी 'दोघंही' म्हणली होती. मी गाडीला किक मारली.