दुधाच्या घरातला नातू

बोर्गनीचा जन्म गोठ्यात गेला. वाल्ड्रेसच्या खोऱ्यात उन्हाळाभर गुरं डोंगरावर न्यायची, तिथेच चीज आटवायचं, एवढंच तिला ठाऊक. आणि लेकीच्या मुलाला, अडीच वर्षांच्या आयलिव्हला, दुधाचीच ॲलर्जी निघाली. दैव कुणाची कशी चेष्टा करील, सांगता येत नाही.

“आमच्या वेळी असलं काही नव्हतं,” असं तीही आधी म्हणालीच. पण लेक इंगुनने समजावल्यावर तिने मनावर घेतलं. पोराला तिच्याकडे ठेवलं त्या दिवशी तिने ओट्सचं दूध आणलं, भांडी उकळली, वॉफलच्या पिठात लोण्याचा कण जाऊ दिला नाही. वॉफल भाजायचा साचा मात्र धुतला नाही. बिडाचा साचा तिकडे कुणीच धूत नाही; पुसायचा, लोणी फिरवायचं, ठेवायचा. तिच्या आईपासूनचं लोणी त्यात मुरलं होतं. दुसऱ्या घासाला आयलिव्हचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला. तिने त्याच्या मांडीत लेकीने देऊन ठेवलेलं ॲलर्जीवरचं इंजेक्शनचं पेन टोचलं आणि रुग्णवाहिका बोलावली. पोर वाचलं.

त्यानंतर पोराचं येणं बंद झालं. तीच लेकीकडे जायची, हात घासून, धुतलेले कपडे घालून. नातू आईच्या मांडीवरून तिच्याकडे बघायचा. सायीची कॉफी पिऊन गालाचा मुका घेतला तरी पुरळ उठतं, हे तिला आता पाठ झालं होतं. तिने साय सोडली, चीज सोडलं, शेवटी गायीही विकल्या. शेजारी म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलं. तिला फक्त ते पोर एकदा कुशीत हवं होतं.

गायींचं कानावर आलं तशी इंगुन पोराला घेऊन आली. रिकाम्या गोठ्यात डोकावली. मग आत येऊन म्हणाली, “मला विचारायचंस तरी.”

“तू नको म्हणाली असतीस,” बोर्गनी म्हणाली.

आयलिव्ह हातभर लांब थांबला होता. त्याने शहाण्यासारखं विचारलं, “आजी, दूध आहे?”

“नाही रे राजा. आता कुठेच नाही.”

त्याने आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली, तसा तो आजीच्या मांडीवर चढला. बोर्गनीने त्याला घट्ट धरलं आणि तोंड मात्र दुसरीकडे वळवलं.

“आई,” इंगुन हळूच म्हणाली, “घे की मुका.”

बोर्गनीला धीरच होईना.