तात्यांनी टाकलेला तिसरा गिअर

भूतखेत, करणी, अंगात येणं — असला विषय निघाला की मी उठून जनावरांना वैरण टाकायला जातो. आमच्या निरवांगीत हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा ओशाळल्यासारखं होतंय… पण झालं ते झालं.

लहानपणी पोलिओनं माझा डावा पाय गेला. क्लच दाबता येत नाही म्हणून पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाडीत, दुसऱ्यांच्या सोयीनं बसलो. गेल्या वर्षी ऑटोमॅटिक गिअरची एक जुनी पिकअप घेतली आणि ढोबळी मिरचीचे क्रेट भरून माझा मी बारामतीला जायला लागलो. वालचंदनगर मागं पडलं की चक्क गाणी म्हणायचो. कुणाला ऐकू जात नव्हती हे बरं.

तीन महिन्यांत गाडीनं दगा दिला. दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडेना. इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी चाळीसच्या पुढं जाईना. बारामतीच्या पोपट मिस्त्रींनी गिअरचं ऑइल बोटावर घेऊन हुंगलं — जळका वास नव्हता. मग स्कॅनर लावला.

"तिसऱ्या गिअरचा व्हॉल्व्ह दावतोय," ते म्हणाले. "पार्ट मागवतो. पर आतल्या प्लेटा बी गेल्या असल्या तर गिअरबॉक्स संपला. मग इकून टाका गाडी."

गाडी विकायची म्हणजे पुन्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून कुणाची तरी वाट बघायची.

पार्ट येईपर्यंत मिरची थोडीच थांबणार? हळूहळू जाऊ म्हटलं. सोबतीला वडील बसले — आमचे तात्या, वय अठ्ठ्याहत्तर. उमेदीत त्यांनी बैलगाडीनं कारखान्यावर ऊस वाहिलेला. माझ्या गाडीविषयी त्यांचं मत पहिल्यापासून वाईट.

सकाळचे आठ वाजले असतील. इंजिन बोंबलायला लागलं तसे तात्या वैतागले. टाळूला जीभ लावून बैलांना करायचे तसा आवाज केला — टॉक्, टॉक्.

आणि तिसरा गिअर पडला!

"योगायोग हाय," मी म्हणालो.

"व्हय, व्हय. चल मुकाट्यानं."

पण येताना तेच. दुसऱ्या दिवशी तेच. मी आवाज काढला की गाडी ढिम्म, तात्यांनी काढला की निघाली. दोन आठवडे आमची मिरची अशीच बाजारात गेली.

पोपट मिस्त्री आधी पोट धरून हसले. मग स्कॅनर मांडीवर घेऊन आमच्याबरोबर गाडीत बसले. त्यांनी स्वतः टॉक् टॉक् करून पाहिलं, तात्यांचा आवाज मोबाइलवर घेऊन वाजवला. काही नाही.

"तात्या, आता तुमी करा."

टॉक्. स्क्रीनवर दोनाचे तीन झाले. मिस्त्रींनी स्कॅनरची वायर काढून पुन्हा लावून पाहिली. तिथं तीनच.

"सांगायची पद्धत असती," तात्या मात्र खुशीत होते.

पार्ट आला. मी एकटाच गाडी घेऊन गेलो. मिस्त्रींनी खालचं झाकण खोललं. प्लेटा शाबूत होत्या. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी जुना व्हॉल्व्ह तळहातावर ठेवला. आतली तार जळून काळी, पिन गच्च अडकलेली.

"सुरेशराव, ह्यो कवाच मेलाय. ह्याच्यावर तिसरा गिअर पडूच शकत न्हाय."

"पडत हुता की. तुमी बघितलंय."

"बघितलं म्हणून तर इचारतोय… कसा?"

नवा व्हॉल्व्ह बसला. येताना गिअर आपसूक पडत गेले. उद्यापासून पुन्हा आपले आपण एकटे, या आनंदात मी घरी पोचलो. तात्या ओट्यावरच बसून होते.

"झाली का नीट?" त्यांनी विचारलं. आणि मी उत्तर द्यायच्या आत, "उद्या किती वाजता निघायचं?"

मी गाडीची किल्ली खिशात टाकली.

"झाली… पर तिसऱ्याला अजून जरा अडती," मी म्हणालो. "तुमी लागणार."

"मला म्हाईतच हुतं," म्हणत ते उठले आणि उद्यासाठी धोतर धुवायला गेले.

आता रोज आम्ही दोघं जातो. तात्या आवाज करतात, गिअर त्याच्या वेळेला पडतो, आणि खरं सांगू? एकटं जाण्यापेक्षा हे मला जास्त आवडायला लागलंय. पण मेलेल्या व्हॉल्व्हवर दोन आठवडे तिसरा गिअर कसा पडला, हे ना मला कळलं, ना मिस्त्रींना. तुमच्यापैकी कुणी गिअरबॉक्सचं काम करत असेल तर जरूर लिहा. फक्त गाडी नीट झालीय, हे आमच्या तात्यांच्या कानावर जाता कामा नये.