निळी बाटली

मामाचा फोन आला तेव्हा मी सराव परीक्षा देऊन लातूरच्या होस्टेलवर नुकतीच परतले होते. "ताई पळता पळता पडली," एवढंच तो म्हणाला. बसने नांदेडला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. अंगात पाणीच उरलं नव्हतं म्हणे.

सविताताई माझी मामेबहीण. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. मैदानी चाचणी उन्हात झाली तर सवय असावी, म्हणून दुपारीही पळायची. मामी रोज तिची निळी बाटली भरून द्यायची आणि संध्याकाळी ती जवळजवळ तशीच परत यायची. ते पाणी मामी मोगऱ्याला घालायची. "भरून नेती अन् भरूनच आणती. ओझं म्हणून नेती का गं?" ताई नुसती हसायची.

शेवटच्या भेटीत मी तिच्यासोबत मैदानावर गेले, तेव्हा कारण कळलं. ती एक घोट घ्यायची, तोंडात फिरवायची आणि थुंकून टाकायची. मी म्हटलं, "ताई, पी ना."

"अन् मग जाऊ कुठं? पोरं भिंतीकडं जातेत. आपण कुठं जायचं?" मग माझी फिरकी घेत म्हणाली, "तुमच्या इंग्लिश शाळेत पाणी प्यायची बी घंटा व्हायची म्हणं. आमच्याकडं घंटाबी न्हाई अन् संडासबी न्हाई, मॅडम."

मी हसले, पण मला ते पटलं होतं. क्लासमध्ये एवढ्या मुलांसमोर उठून जायला लागू नये म्हणून मीही पाणी टाळायचे. दुपारनंतर डोकं जड व्हायचं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा वाचावा लागायचा. वाटायचं, आपली बुद्धीच कमी पडतेय.

आता ओठ कोरडे पडले तरी छाती धडधडते. ताईचं ते शेवटचं पळणं मी पाहिलेलं नाही, तरी ते डोळ्यांपुढे येतं. तिलाही आधी असंच थोडं गरगरलं असेल का? एवढी एक फेरी मारू, मग बसू, असं वाटलं असेल...

लातूरला निघताना मामीने ती बाटली माझ्या पिशवीत घातली. "रिकामी करून आणत जा," एवढंच म्हणाली.

परवा क्लासमध्ये ती अर्धी झाली आणि मी हात वर केला. "सर, बाहेर जाऊ का?" दुसऱ्यांदा विचारावं लागलं. सगळ्या माना वळल्या, आणि मी त्यांच्यामधून चालत गेले.

रोज संध्याकाळी खोलीवर आले की आधी बाटली कानाशी हलवून बघते. काल तळाशी पाणी वाजलं. लाइट न लावताच, उभ्या उभ्या, मी ते पिऊन टाकलं.