आक्काने बसवलेला आवाज

आक्काला मोठ्याने गाणारा माणूस खपायचा नाही. सुरतेतल्या आमच्या पांडेसऱ्यात कारखान्यांच्या आवाजामुळे सगळ्यांनाच ओरडून बोलायची सवय. ही मात्र गाताना बोट ओठांवर ठेवायची आणि म्हणायची, “हळू. शेजारच्याचा सूर ऐकू येत नसेल तर तू गात नाहीयेस, नुसता ओरडतोयस.” तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि आम्ही तिघं तिला बऱ्यापैकी घाबरायचो.

आम्ही तिघं म्हणजे संगीता, तिचा भाऊ विलास आणि मी. चौघांचीही घरं खानदेशातून आलेली, एकाच चाळीतली. वाद्य कुणाकडेच नव्हतं. विलास तोंडाने ढोलकी वाजवायचा, संगीता मधला सूर धरायची, मी सगळ्यांत लहान म्हणून वरचा. आमच्या आयांकडून ऐकलेली अहिराणी हळदीची गाणी आक्का अशी वेगवेगळ्या सुरांत वाटून द्यायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शाळेच्या प्रार्थनेत मागच्या रांगेतली मोठी मुलं खाली घसरून गायची, बाई रागवायच्या. आक्काच्या मात्र लक्षात आलं, की त्यांतल्या काही चुका गोड लागतात. त्या चुका तिने नीट लक्षात ठेवल्या.

एका हळदीला आमचं गाणं ऐकून कुणीतरी कतारगाममधल्या एका स्टुडिओवाल्या भाईंना सांगितलं. त्यांनी बोलावलं. आक्काचे वडील, आबा, डाइंग मिलमध्ये कामाला. त्यांनी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. पायात चपला घालून पाळीला निघून गेले. आक्काने त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला.

हिऱ्याच्या कारखान्यावरची छोटीशी खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. भाईंनी वाद्यं शोधत आमच्या मागे पाहिलं. “वाजिंत्र क्यां?”

“आम्हीच आहोत,” आक्का म्हणाली.

गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला माझा आवाज फुटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फुटला. मला चौदावं सरत होतं. गेले काही दिवस घशात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं, ते मी सगळ्यांपासून लपवलं होतं. विलासला हसू आवरेना. भाईंनी कानावरचं यंत्र काढलं. “आने बहार बेसाडो,” ते म्हणाले. याला बाहेर बसवा, तिघांनी गा. मला वाटलं, झालं, संपलं. मी दाराकडे वळलोसुद्धा.

“भाई, दहा मिनिटं द्या,” म्हणत आक्काने आम्हा सगळ्यांना जिन्यात नेलं. मी रडत होतो. तिने माझी समजूत वगैरे काढली नाही. “बोल काहीतरी,” म्हणाली. मी कसंबसं माझं नाव सांगितलं. तिचे डोळे चमकले. “अरे, फुटला कुठे? खाली उतरलाय. तिथे आपल्याकडे कोणी नव्हतंच!” वरचा सूर तिने स्वतःकडे घेतला. मला प्रत्येक ओळीतले फक्त शेवटचे दोन शब्द दिले, अगदी पोटातून म्हणायचे. जिन्यात उभ्या उभ्या तिने अख्खं गाणं नव्याने बसवलं.

तिसऱ्या वेळी गाणं पुरं झालं तेव्हा भाई जागेवरून उठले. दार उघडलं आणि खाली हिरे घासणाऱ्या कारागिरांना हाका मारल्या. आठ-दहा जण वर आले. भाईंनी त्यांना गाणं पहिल्यापासून ऐकवलं. आक्का भिंतीला टेकून ऐकत होती. मी तिला विचारलं, “कसं झालं?” ती म्हणाली, “विलास दोनदा पुढे पळालाय.”

गाणं मोबाइलवरून फिरत फिरत शिरपूरकडच्या माझ्या मामाच्या गावापर्यंत गेलं. मामाचा फोन आला, “ते खालच्या आवाजाचं कोण रे?” मी सांगितलं तर त्याला खरं वाटेना. पुढे आणखी दोन गाणी निघाली. लग्नांत लोक आम्हाला थांबवून ‘ते गाणारे तुम्हीच का?’ असं विचारायला लागले. चाळीतली लहान मुलं आमच्यासारखी चौघाचौघांनी उभी राहून गाऊ लागली.

बारावीनंतर आक्काला नर्सिंगला धुळ्यात प्रवेश मिळाला. जायच्या आधी तिने तिच्या गाण्यांची वही माझ्या हातात दिली. “आता तू बसव,” एवढंच म्हणाली. ते काम मी आजही करतोय. चौथं गाणं तिच्याशिवाय झालं, तेव्हा फोनवर तिने एकोणीस चुका काढल्या आणि शेवटी विचारलं, “पाचवं कधी?”

पण मला ती आठवते ती धुळ्याला निघाली तेव्हाची, बस स्टँडवरची. सामान वर टाकून आबा बसमध्ये चढले, तिला खिडकीशी बसवलं. शेजारी एक अनोळखी बाई होती. पोरीच्या गाण्याबद्दल कधीही एक शब्द न बोललेले आबा त्या बाईकडे वळले. “हाई मन्ही पोर शे,” ते म्हणाले. “गाणा म्हणस. मोबाईलमा इन्हा आवाज येस.”

सगळ्या बसला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. आणि आक्काने त्यांना हळू बोला म्हटलं नाही.