कुठल्याच कुलुपाला न लागणाऱ्या किल्ल्या

प्राणिसंग्रहालयात सगळे त्याला फोटोकाका म्हणायचे. सव्वीस वर्षं त्याने पिंजऱ्यातल्या जनावरांचे फोटो काढले, आणि असे बेमालूम की जाळीची एक तार दिसेल तर शपथ. लेन्स जाळीला चिकटवायची, मागची भिंत धूसर करायची, की झालं जंगल. "जिवावर उदार होऊन काढलेत हो," असं त्या फोटोंचं कॅलेंडर बघणारे म्हणत, आणि हा पठ्ठ्या मान खाली घालून ते कौतुक गिळत असे.

जनावराने लेन्सकडे बघावं म्हणून त्याची एक युक्ती होती. राखणदार मांस घेऊन निघाला की त्याच्या कमरेच्या किल्ल्या वाजत. काकाने तसाच एक जुडगा खिशात बाळगला. त्यातली एकही किल्ली कुठल्या कुलुपाला लागत नव्हती. नुसतं खुळखुळवलं की भुकेलं जनावर मान वळवायचं, फोटो निघायचा आणि काका पुढच्या पिंजऱ्याकडे. खायला घालणं हे काही त्याचं काम नव्हतं.

इथेच जन्मलेली बिबट्याची काळी मादी वनखात्याने रानात सोडायची ठरवली. दोन वर्षं कुंपणाआड तिला माणूस दिसू दिला नाही. ती शिकार शिकली, सुटली. अट एकच होती: आपणहून माणसाजवळ आली, तर परत पिंजरा, तोही कायमचा.

"निवृत्त व्हायच्या आधी एक तरी खरा फोटो काढणार," काका बायकोला म्हणाला.

"मग त्या किल्ल्या तेवढ्या घरी ठेवा. दिवसभर वाजून डोकं उठवतात."

तो हसला आणि तीच पँट घालून गेला.

रानातल्या चौथ्या सकाळी ती दिसली. काका आणि वनरक्षक बाई झुडपाच्या आडोशाला बसले होते. समोर खडकावर ती ऊन खात होती, मिशांना ताज्या शिकारीचं रक्त. पण बघत होती भलतीकडे. काकाला डोळे हवे होते. हात आपसूक खिशात गेला. खुळखुळ.

ती उठली. शेपटी वर करून घरच्यासारखी चालत आली, त्याच्यासमोर बसली आणि राखणदाराच्या चिमट्यातल्या मांसाच्या तुकड्यासाठी उघडायची तसं तोंड उघडून थांबली. सांगायलाही लाज वाटते, पण काकाने आधी फोटो काढला.

"काय केलंत हे, काका?"

"सवय हो, मेली सवय! अहवालात लिहू नका ना. चूक माझी आहे, तिची नाही."

"आली ना ती? मला लिहावंच लागणार."

फोटो कॅलेंडरच्या पहिल्याच पानावर आला. खाली छापलं होतं, 'मुक्त'.

तोवर ती जुन्या पिंजऱ्यात परतली होती. काका धीर करून तिला भेटायला गेला. ती पाठ करून पडली होती. त्याला भडभडून आलं. "माफ कर गं बाई," म्हणत त्याने रुमालासाठी खिशात हात घातला.

जुडगा वाजला. ती झटकन उठली, शेपटी वर करून जाळीपाशी आली, बसली आणि तोंड उघडलं. काकाचे हात रिकामे होते.